‘उद्या घरी सोडतो’ म्हणाले, पण घर तयार आहे का?

सकाळच्या राउंडला डॉक्टर टाके बघतात, फाइल चाळतात, ‘ताप नाही ना? पोट साफ होतंय ना?’ एवढं विचारतात आणि पुढच्या खाटेकडे वळता वळता सांगून जातात, ‘उद्या घरी सोडू.’ खाटेवरच्या माणसाला हायसं वाटतं. शेजारच्या स्टुलावर बसलेल्या त्याच्या बायकोच्या पोटात मात्र गोळा येतो. आणि दोघांचंही बरोबर असतं.

डॉक्टरांनी ज्या प्रश्नाचं उत्तर दिलं तो प्रश्न असा: या माणसाला हॉस्पिटलच्या खाटेची गरज अजून आहे का? बायकोच्या मनात आलेला प्रश्न वेगळा आहे: इथे तीन पाळ्यांत मिळून इतकी माणसं जे करत होती, ते उद्या संध्याकाळपासून घरी कोण करणार आणि कसं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर रिपोर्टांत सापडतं. दुसऱ्याचं सापडत नाही, ते विचारून, बघून, करून घेऊन काढावं लागतं. रुग्णाची घरी जाण्याची तयारी तपासणं म्हणजे हेच. कॅन्सरमध्ये त्याचं महत्त्व जास्त, कारण अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेला माणूस घरी जातो तेव्हा उपचार बहुधा आटोपलेले असतात. कॅन्सरचा रुग्ण घरी जातो तेव्हा उपचार अर्ध्यावर असतात, किंवा संपलेले असले तरी नळ्या, पिशव्या, गोळ्यांची चळत आणि पुढच्या तारखा सोबत असतात.

या तयारीचं मोजमाप करायला नर्सिंगच्या शास्त्रात चांगली साधनं आहेत. अमेरिकेतल्या मार्क्वेट विद्यापीठातल्या मॅरिअ‍ॅन वाइस यांनी तयार केलेली प्रश्नावली सगळ्यात जास्त वापरली जाते. तिचे चार कप्पे आहेत. शरीर आणि मन आज कसं आहे. घरी काय करायचं याची माहिती किती आहे. अडचण आली तर निभावून नेता येईल असं वाटतं का. आणि घरी हाताशी माणसं कोण आहेत. तिची ८ प्रश्नांची छोटी आवृत्तीही आहे. प्रत्येक प्रश्नाला ० ते १० गुण, आणि सरासरी ७ च्या खाली आली तर तयारी कमी आहे असं धरतात.

यातली गंमत पुढे आहे. तीच प्रश्नावली रुग्णालाही देतात आणि त्याची देखभाल करणाऱ्या नर्सलाही. वाइस यांनी सहकाऱ्यांबरोबर २०१० साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो कॅन्सरचा नव्हे तर सर्वसाधारण वॉर्डांतल्या रुग्णांचा होता. त्यात दिसलं की रुग्ण स्वतःला जास्त गुण देतात आणि नर्स हात राखून देते. पुढे कोण परत इमर्जन्सीत येणार किंवा पुन्हा दाखल होणार, याचा अंदाज नर्सच्या गुणांवरून बांधता येत होता, रुग्णाच्या गुणांवरून नाही. मला यात नवल वाटत नाही. घरी जायचं म्हटल्यावर ‘नाही जमणार’ म्हणणारा रुग्ण विरळाच. ज्याला दोन आठवडे वॉर्डातल्या पांढऱ्या उजेडात झोप लागलेली नाही, तो कशालाही ‘हो, करू की’ म्हणेल. म्हणून रुग्णाचं ऐकावं जरूर, पण नुसत्या त्याच्या होकारावर कागद करू नयेत. वॉर्डातल्या सिस्टर ‘अजून एक दिवस थांबवूया का?’ म्हणाल्या, तर त्याला वजन द्यावं.

आता हे मुंबईत आणून बघू. समजा, लालबागच्या एका जुन्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे काका आहेत. वय ५८. आयुष्यभर तंबाखू, आता गालाचा कॅन्सर. ऑपरेशन झालं आहे, नाकातून पोटात जाणारी नळी आहे, श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडून त्यात धातूची नळी बसवली आहे. घरात काकू, मुलगा, सून आणि शाळेत जाणारी नात. खोली दहा बाय बाराची. संडास गॅलरीच्या टोकाला, सगळ्या मजल्यासाठी मिळून.

हॉस्पिटलात माणसाची ताकद मोजायला ‘इकॉग’ नावाचं ० ते ४ चं माप वापरतात. ० म्हणजे पूर्वीसारखाच हिंडताफिरता. १ म्हणजे जड काम नको, बाकी ठीक. २ म्हणजे स्वतःचं स्वतः करतो, पण कामधंदा जमत नाही, तरी जागेपणीचा अर्ध्याहून जास्त वेळ अंथरुणाबाहेर असतो. ३ म्हणजे अर्ध्याहून जास्त वेळ खाटेवर किंवा खुर्चीत. ४ म्हणजे पूर्ण परावलंबी. आपले काका वॉर्डात २ वर आहेत. संडास खाटेपासून दहा पावलांवर, धरायला दांडी, फरशी कोरडी. तेच काका चाळीत गेले की गॅलरी ओलांडायची, उकिडवं बसायचं आणि पहाटे रांगेत उभं राहायचं. ताकद तीच, पण घरी गेल्यावर ते ३ वर आल्यासारखे होतात. फाइलवर मात्र २ च लिहिलेलं असतं.

म्हणून घराबद्दलचे प्रश्न आधी विचारायचे, आणि नेमके विचारायचे. ‘घरी सगळं ठीक आहे ना?’ या प्रश्नाला उत्तर एकच येतं. त्याऐवजी: कितव्या मजल्यावर? लिफ्ट आहे का, आणि चालते का? कमोडची खुर्ची ठेवायला कोपरा आहे का, आणि ती रिकामी कोण करणार? पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ? गळ्याच्या नळीच्या आतली नळी दिवसातून अनेकदा काढून धुवावी लागते, त्यामुळे हा प्रश्न फालतू नाही. कफ ओढायचं मशीन भाड्याने आणणार असाल तर लाइट गेल्यावर काय? काका डोकं उंच ठेवून झोपणार कुठे, कारण जमिनीवर अंथरलेल्या गादीवर ते होत नाही. आणि तारीख. गणपतीत लालबागच्या गल्लीत माणूस आडवा शिरत नाही, तिथे अॅम्ब्युलन्स कुठून येणार? जुलैत परळजवळच्या हिंदमाता चौकात पाणी भरलं की परळचं हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर असूनही दूर जातं. अशा दिवसांत काकांना काही दिवस उपनगरातल्या बहिणीकडे, तळमजल्यावर, हलवणं हा रडीचा डाव नाही, ते चांगलं नियोजन आहे.

माहितीच्या कप्प्याकडे येऊ. इथे सगळ्यात जास्त फसगत होते, कारण सांगितलं म्हणजे कळलं असं गृहीत धरलं जातं. डिस्चार्जच्या दिवशी, बिलाच्या रांगेतून धावत आलेल्या मुलाला पाच मिनिटांत सगळं सांगितलं जातं आणि तो सगळ्याला ‘हो सिस्टर’ म्हणतो. यावर उपाय साधा आहे: शिकवायचं, आणि मग त्यांच्याकडून उलट शिकवून घ्यायचं. ते असं दिसतं.

‘काकू, आता मी तुमची सून. मला नळीतून जेवण द्यायला शिकवा बघू.’

‘आधी हात धुवायचे. यांना उठवून बसवायचं. नळीवरची खूण नाकापाशीच आहे ना, ते बघायचं. मग थोडं पाणी सोडायचं. मग गाळून घेतलेली पेज हळूहळू. सिरिंज उंच धरायची, दाबायची नाही.’

‘छान. झाल्यावर?’

‘परत पाणी, म्हणजे नळी तुंबत नाही. आणि लगेच आडवं करायचं नाही, अर्धा-पाऊण तास बसवून ठेवायचं.’

‘आणि एखाद्या दिवशी ती खूण चार बोटं बाहेर आलेली दिसली तर?’

‘मग काय, आत सरकवायची.’

आधीची सगळी उत्तरं बरोबर होती. हे एक चुकलं आणि याच एका उत्तराने काकांच्या जिवावर बेतू शकतं. सरकलेल्या नळीचं टोक पोटात आहे की श्वासनलिकेकडे वळलं आहे, हे बाहेरून कळत नाही. त्या अवस्थेत पेज सोडली तर ती फुफ्फुसात जाऊ शकते. बरोबर उत्तर: काही द्यायचं नाही, ढकलायचं नाही, हॉस्पिटलला फोन करायचा आणि तिथे जायचं. ही गोष्ट ‘समजलं ना?’ विचारून कधीच बाहेर आली नसती. काकूंना नावं ठेवायचं कारण नाही, त्यांनी घरातल्या अक्कलहुशारीनेच उत्तर दिलं. सिस्टरने पुन्हा समजावलं, संध्याकाळच्या जेवणाला काकूंकडूनच सगळं करून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सुनेकडूनही. एकटी काकू शिकली म्हणजे काम झालं असं नाही. काकूंना ताप आला तर?

गोळ्यांचंही असंच. नळीतून द्यायच्या म्हणून सगळ्याच गोळ्या कुटून देता येत नाहीत. काही गोळ्या बारा तास हळूहळू विरघळाव्यात अशा बनवलेल्या असतात, त्यात मॉर्फिनची लांब पल्ल्याची गोळीही येते. ती कुटली तर बारा तासांचा डोस एकदम अंगात जातो. कोणती गोळी कुटायची नाही, हे डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहून घ्या. त्यांनी इंग्रजीत लिहिलं असेल तर खाली पेनाने आपण लिहावं आणि सिस्टरना दाखवावं.

गळ्याच्या नळीबद्दल थोडक्यात: आतली नळी काढून धुणं आणि परत बसवून तिची खिटी लावणं घरच्या दोघांना तरी यायला हवं, अंघोळीचं पाणी आणि टाल्कम पावडर तिच्या जवळपास नको, आणि बोलता येत नसल्यामुळे काकांच्या उशाशी वही-पेन आणि एक घंटी हवी. घंटी सगळे विसरतात.

केमो घेऊन घरी जाणाऱ्यांची गोष्ट जरा निराळी. त्यांना बघून कुणाला काळजी वाटत नाही. चालत येतात, चालत जातात. पण बऱ्याच केमोंनंतर साधारण ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. म्हणजे धोका हॉस्पिटलात नसतो, तो घरी गेल्यावर आठवड्याने उगवतो. त्या दिवसांत ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त झाला आणि तासभर राहिला, किंवा एकदाच १०१ दिसला, तर ती इमर्जन्सी असते. हॉस्पिटलात पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं, असा नियम आहे. आता मुंबईतला पावसाळा डोळ्यांसमोर आणा. ताप म्हटला की कोपऱ्यावरचे डॉक्टर आधी मलेरिया-डेंग्यूची तपासणी लिहून देतात, तापाची गोळी देतात आणि ‘उद्या रिपोर्ट घेऊन या’ म्हणतात. त्यांच्या जागी तेही बरोबरच. पण या रुग्णाकडे उद्यापर्यंत वेळ नसतो, आणि तापाच्या गोळीने आकडा खाली दिसतो, संसर्ग तसाच राहतो.

तेव्हा केमोच्या रुग्णाची तयारी तपासताना तीन गोष्टी मी आधी बघेन. घरात चालू थर्मामीटर आहे का. कपाळाला हात लावून ‘जरासं कोमट आहे’ म्हणणं इथे चालत नाही. रात्री दोन वाजता जायचं ते कॅज्युअल्टी कुठलं, हे ठरलं आहे का. बोरिवलीच्या माणसाने परळलाच धाव घ्यायची की जवळच कुठे, हे आधी हॉस्पिटललाच विचारून ठेवायचं. आणि केमोचं नाव व तारीख लिहिलेला कागद पाकिटात आहे का, म्हणजे समोरचा डॉक्टर कुणीही असला तरी त्याला एका नजरेत कळेल.

मनाची तयारी मोजायला एक थर्मामीटरच काढलेलं आहे: कागदावर ० ते १० च्या रेघा, आणि गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला त्यावर खूण करायची. ४ किंवा त्याहून जास्त असेल तर थांबून बोलायचं. गालाच्या ऑपरेशननंतर कित्येक जण हॉस्पिटलात आरशात बघतच नाहीत. घरी गेल्यावर कपाटाच्या आरशात पहिल्यांदा बघतात, तेही नातवंडांसमोर. ते पहिलं बघणं वॉर्डातच, ओळखीची सिस्टर शेजारी असताना झालेलं बरं.

यानंतर सगळ्यात नाजूक कप्पा: माणसं. आपल्याकडे ‘घरी बघायला कोण आहे?’ असं विचारलं की सगळ्यांच्या माना एकाच बाईकडे वळतात. बायको, सून किंवा लग्न न झालेली मुलगी. तिला कुणी विचारलेलं नसतं. ती नोकरी करते का, तिला स्वतःला मधुमेह आहे का, रात्री तिला झोप कधी मिळणार, हे तिला बाजूला घेऊन, रुग्ण आणि सासू-सासरे नसताना विचारायला हवं. सगळ्यांसमोर ती ‘करेन मी’ एवढंच म्हणणार. मग उत्तरं ऐकून पाळ्या लावायच्या: मुलगा रात्री अकरा ते तीन, मावशी दर मंगळवारी, शेजारच्या वहिनी दुपारचा तासभर. परवडत असेल तर ब्युरोची आया. पण नळीतून जेवण द्यायला तिला येतं का, हे बघून घ्यायचं. ‘सगळं येतं’ हे ब्युरोचं ठरलेलं वाक्य आहे.

मुंबईच्या हॉस्पिटलांतला एक मोठा वर्ग या सगळ्या हिशोबाच्या बाहेर राहतो, तो म्हणजे बाहेरगावहून आलेले. परळचं टाटा मेमोरियल १९४१ साली सुरू झालं, तेव्हापासून तिथे देशभरातून माणसं येत आहेत. जळगावच्या किंवा बिहारमधल्या माणसाला ‘घरी सोडतो’ म्हणतात तेव्हा तो जातो दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, कुणा नातेवाइकाच्या खोलीवर, आणि काहींच्या नशिबी हॉस्पिटलजवळचा फूटपाथ असतो. गावी जाणं नंतर. अशांची तयारी दोनदा तपासायला हवी. एकदा इथल्या मुक्कामासाठी आणि एकदा गावासाठी: रात्रभराच्या गाडीत नळीतून जेवण कसं देणार, तालुक्याला ड्रेसिंग करणारं कोण आहे, जवळचं कॅन्सर केंद्र कुठलं. २०१२ साली सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातली शेकडो केंद्रं जोडलेली आहेत. पुढची तपासणी घराजवळच्या केंद्रात होईल का, हे डॉक्टरांना किंवा मेडिकल सोशल वर्करला विचारायला संकोच करू नये. उपचारांसाठीच्या रेल्वे प्रवासात कॅन्सर रुग्णाला आणि सोबत्याला सवलत मिळते. तिचा फॉर्म हॉस्पिटल सोडण्याआधीच भरून घ्यावा.

आणि आता ते घरी जाणं, ज्याबद्दल वॉर्डात कुजबुजत बोलतात. उपचारांनी आता आजार हटणार नाही असं ठरतं, तेव्हाही रुग्णाला घरी सोडतात. इथे ‘आता काही करण्यासारखं नाही, घरी न्या’ असं म्हणून पाठवलं तर ते अर्धवट आहे. करण्यासारखं पुष्कळ असतं, फक्त ते वेगळं असतं. वेदना, धाप, उलट्या, झोप, भीती, सगळ्यावर इलाज आहेत. टाटाची पॅलिएटिव्ह टीम, म्हणजे आजार हटवण्यापेक्षा त्रास कमी करण्याकडे बघणारी टीम, मुंबईत घरी येऊन बघते, घरपोच सेवा देणाऱ्या इतर संस्थाही आहेत, आणि घरी जमणारच नसेल तर वांद्र्याचं शांती अवेदना सदन आहे. शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना सांभाळणारं, म्हणजे हॉस्पिस, असं हे देशातलं पहिलं ठिकाण, १९८६ सालचं. घरच्यांनी ‘आम्हाला घरी नाही जमणार’ म्हणणं हेही तयारी तपासण्याचं एक खरं उत्तर आहे. ते ऐकून कुणी भुवया उंचावू नयेत.

अशा वेळी मॉर्फिनचा हिशोब दिवसांत नाही तर तासांत करावा लागतो. मॉर्फिनची साधी गोळी साधारण दर चार तासांनी द्यायची असते, दुखायला लागण्याची वाट न बघता. ती नाक्यावरच्या मेडिकलमध्ये सहसा मिळत नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे तिच्यावर कडक निर्बंध होते. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांना ती देणं सोपं केलं, तरी ती ठरावीक ठिकाणीच मिळते. म्हणून शनिवार-रविवार आणि सणाच्या सुट्ट्या मोजून साठा घ्यायचा. सोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठ बहुतेकांना होतोच, आणि त्याच त्रासाला कंटाळून कितीतरी जण चांगली लागू पडलेली गोळी बंद करतात.

एक शेवटची चौकशी राहते आणि ती करायला सगळेच कचरतात. माणूस घरीच वारला तर मृत्यूचा दाखला कोण देणार? हॉस्पिटलबाहेरच्या मृत्यूसाठी डॉक्टरांनी भरायचा फॉर्म ४ए असतो, आणि स्मशानात डॉक्टरांचा दाखला मागतात. ज्यांनी रुग्णाला कधी पाहिलंच नाही, असे डॉक्टर पहाटे तीनला सही करायला सहसा तयार होत नाहीत, आणि त्यांचं चुकतं असंही नाही. मग त्या वेळी घरच्यांना धावाधाव करावी लागते. हे टाळायचं तर घरी आणल्याच्या पहिल्याच आठवड्यात फॅमिली डॉक्टरांना बोलवा, फाइल दाखवा, हॉस्पिटलचं शेवटचं पत्र त्यांच्याकडे झेरॉक्स करून ठेवा आणि स्पष्ट विचारा, ‘वेळ आली तर तुम्ही याल ना?’ ते नाही म्हणाले तर दुसरे डॉक्टर शोधायला तेव्हा हातात दिवस असतात.